पायाखालची अक्षरं

फरशी दोन फुटांची होती आणि मी दीड फरशी चुकले होते.

सुरू करण्याआधी सरांनी माझ्या टाचेमागे खडूने एक रेघ ओढली होती. १९ हालचाली करायच्या आणि जिथून निघालात तिथेच परत येऊन थांबायचं, एवढंच त्यांचं सांगणं. हात बरोबर गेले, वळणं चुकली नाहीत, एकही हालचाल गाळली नाही, अशी माझी खात्री होती. शेवटचा ठोसा मारला, थांबले, खाली पाहिलं, तर खडूची रेघ तिकडे आणि मी इकडे. सर रेघेकडे बघत म्हणाले, “कुठलं तरी पाऊल आखूड पडलंय, मॅडम. कुठलं, ते शोधा.”

तायक्वांदोच्या वर्गात याला सगळे ‘पॅटर्न’ म्हणतात. कोरियन भाषेत त्याला तीन नावं आहेत: जुन्या शाळांचं ‘ह्यंग’, म्हणजे आकार, आंतरराष्ट्रीय तायक्वांदो फेडरेशनचं ‘तुल’, म्हणजे साचा किंवा चौकट, आणि सोलच्या कुक्किवॉन या मुख्य संस्थेचं ‘पूमसे’. नाव कुठलंही घ्या, गोष्ट एकच. समोर कोणी नसताना, चारी बाजूंनी कोणी चालून येतंय असं धरून, ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या रेघांवरून केलेले बचाव आणि प्रहार. लढाईचं पाठांतरच म्हणा ना. आणि या पाठांतराच्या आत त्याचा ताळाही शिवलेला असतो, हे मला त्या खडूच्या रेघेने दाखवलं.

मी चुकले तो पॅटर्न सगळ्यांत पहिला, चोन-जी. जमिनीवर अधिकचं चिन्ह काढा. त्याच्या चार बाजूंना पाळीपाळीने वळायचं. प्रत्येक बाजूला एक खालचा बचाव आणि एक पाऊल पुढे टाकून ठोसा. झाल्या ८ हालचाली. मग पुन्हा त्याच चार बाजू, पण आता बचाव मधल्या उंचीवरचा आणि पवित्रा वेगळा, झाल्या १६. शेवटी तीन ठोसे: एक पुढे जाताना, दोन मागे येताना. उभं राहण्याचा मुख्य पवित्रा असा, की दोन पावलांतलं अंतर आपल्याच खांद्याच्या रुंदीच्या दीडपट. म्हणजे मोजपट्टी बाहेरची नाही, आपल्याच अंगाची. सहा फुटी माणूस असो की सात वर्षांची पोर, प्रत्येकाने आपलं माप शेवटपर्यंत सांभाळलं तर पुढची आणि मागची पावलं एकमेकांना फेडतात आणि माणूस रेघेवर परत येतो. ‘पॅटर्न जिथे सुरू झाला तिथेच संपला पाहिजे’ हा नियमच आहे. दुकानदार रात्री वही आणि गल्ला जुळवून पाहतो, तशी शेवटच्या ठोशानंतर एकदा खाली नजर टाकायची. चूक कुठे झाली ते रेघ सांगत नाही. झाली आहे, एवढं मात्र ती लपवत नाही.

माझी चूक मला तीन दिवसांनी सापडली. पाठीमागे वळताना. पूर्ण मागे वळायचं म्हटलं की पाय घाबरतो, पाठ दिलेल्या दिशेला पाऊल पूर्ण टाकत नाही. डोक्याला याचा पत्ताच नव्हता.

नवशिका पहिल्या आठवड्यात हालचाली शब्दांनी लक्षात ठेवतो. डावीकडे वळा, खाली बचाव, उजवं पाऊल, ठोसा. सर ‘हाना, दुल, सेत, नेत’ असे कोरियन आकडे म्हणत जातात आणि आपण एकेका आकड्याला एकेक हालचाल टांगतो. हे फार काळ टिकत नाही, कारण माणसाच्या मनात एका वेळी मावतंच थोडं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली तो प्रसिद्ध आकडा मांडला: सात, दोन इकडे किंवा दोन तिकडे. पण त्याच लेखात त्यांनी सुटकेची वाटही सांगितली होती. सुट्या वस्तूंचे गठ्ठे बांधा, मग सात वस्तूंऐवजी सात गठ्ठे मावतील. चोन-जीच्या १९ हालचाली कोणी १९ म्हणून लक्षात ठेवत नाही. ‘बचाव-ठोसा’ ही एक जोडी होते. चार जोड्यांची एक फेरी होते. दोन फेऱ्या आणि एक शेपूट. महिन्याभरात सबंध चोन-जी म्हणजे एकच वस्तू होते, आणि मनातली उरलेली जागा पुढच्या पॅटर्नसाठी मोकळी.

याची किंमत एवढीच, की मधूनच सुरुवात करता येत नाही. सर म्हणाले, “अकरावी हालचाल दाखवा,” की भल्याभल्यांची गाडी अडते. मनातल्या मनात पहिल्यापासून पुटपुटत यावं लागतं. लहान मुलाला ‘सतरा साते किती’ विचारलं की ते ‘सतरा एके सतरा’पासून निघतं, अगदी तसं. अॅन ग्रेबिएल या संशोधक बाईंनी बोस्टनजवळच्या एमआयटीत उंदरांना एका बोळातून धावायला शिकवलं आणि त्यांच्या मेंदूतल्या खोलवरच्या गाभ्यातल्या पेशींचं काम नोंदवलं. वाट नवी असताना त्या पेशी धावण्याच्या सबंध वेळात जाग्या असत. सवय पडल्यावर त्या मुख्यतः सुरुवातीला आणि शेवटी चमकू लागल्या, मध्ये शांत. गाठ दोन्ही टोकांना मारलेली, मधली दोरी आपोआप उलगडणारी. हे वाचलं तेव्हा मला वर्गातली काळ्या पट्ट्याची मुलं आठवली. ‘सिजाक’, म्हणजे ‘सुरू’, असा हुकूम होतो आणि त्यांचे डोळे जरा वेगळे होतात. ‘बारो’ म्हटलं की ती परत येतात. मधल्या वेळात हात काय करताहेत हे विचारायला कोणी घरात नसतंच.

मराठीने ही दोन प्रकारची स्मरणं कधीची वेगळी करून ठेवली आहेत. मुखोद्गत वेगळं आणि अंगवळणी वेगळं. विज्ञानाला तेच सिद्ध करायला एका माणसाचं दुर्दैव लागलं. १९५३ साली अमेरिकेतल्या हार्टफर्डमध्ये हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणाचे फेफऱ्याचे झटके थांबावेत म्हणून त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा थोडा भाग काढला. झटके कमी झाले, पण त्यानंतर नवीन काहीही त्याच्या लक्षात राहीना. आत्ता भेटलेला माणूस पाच मिनिटांनी नवाच. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणीच्या दोन रेघांमधून पेन्सिल फिरवायला दिली. आरशात सगळं उलटं दिसतं, हात भलतीकडे जातो. तीन दिवस तो रोज ते करत होता. दर दिवशी त्याला ते काम नवंच वाटे, आपण हे आधी केल्याचं त्याला आठवतच नसे. पण चुका दिवसागणिक कमी होत गेल्या. त्याच्या डोक्याला ठाऊक नव्हतं, त्याच्या हाताला ठाऊक होतं. पॅटर्न शेवटी जाऊन बसतो तो याच दुसऱ्या घरात.

आणि बसतो तो बराचसा आपण झोपेत असताना. बोटांनी ठरावीक क्रमाने कळा दाबायला शिकलेल्या लोकांचा वेग एका रात्रीच्या झोपेनंतर, मध्ये काडीचाही सराव न करता, सुमारे २० टक्क्यांनी वाढल्याचं मॅथ्यू वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली दाखवलं. संध्याकाळी ज्या वळणावर दहा वेळा अडखळलो ते सकाळी दूध तापायला ठेवून ओट्यापुढे सहज पार पडतं, याचं मला पहिल्यांदा फार नवल वाटलं होतं. आता त्या सकाळची मी वाटच बघते.

एकदा सरांनी आम्हाला रोजच्या आरशाऐवजी मागच्या भिंतीकडे तोंड करून उभं केलं. तोच हॉल, तोच पॅटर्न, फक्त १८० अंश फिरलेला. निम्मा वर्ग पाचव्या हालचालीला हरवला. आम्हाला वाटत होतं आपल्याला पॅटर्न येतो. येत होती ती खिडकी, दरवाजा, पंखा आणि त्यांच्यामध्ये लपलेला पॅटर्न. १९७५ साली स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर गॉडन आणि बॅडली यांनी पाणबुड्यांना काही शब्द पाण्याखाली आणि काही काठावर पाठ करायला दिले. पाण्याखाली पाठ केलेले पाण्याखालीच जास्त आठवले, काठावरचे काठावर. पाठांतराला आजूबाजूची जागा चिकटून येते. म्हणून चांगले शिक्षक दिशा बदलतात, अंधार करतात, डोळे मिटायला लावतात, गच्चीवर नेतात. चिकटलेलं सगळं खरवडून गेल्यावर जे उरतं ती खरी पायाखालची वाट.

या वाटेवर फाटे मात्र असतात. दोन पॅटर्नमध्ये चार-पाच हालचालींचा एखादा तुकडा सारखा असला, की पाय एका पॅटर्नमधून निघून सरळ दुसऱ्यात शिरतो आणि माणसाला कळतसुद्धा नाही. परीक्षेत वरच्या पट्ट्याची मुलं चुकतात ती विसरल्यामुळे कमी आणि फाटा चुकल्यामुळे जास्त. फेडरेशनच्या परंपरेत असे २४ तुल आहेत आणि त्यांतल्या हालचालींची बेरीज साडेनऊशेच्या वर जाते. एवढं सगळं एका देहात, एकमेकांत न मिसळता कसं राहतं? याचं एक उत्तर मेंदूत आहे. दुसरं उत्तर ज्या माणसाने हे तुल बांधले त्याच्या कुंचल्यात आहे, आणि मला ते जास्त आवडतं.

चोई होंग-ही यांचा जन्म १९१८ सालचा, आज उत्तर कोरियात असलेल्या मुलखातला. लहानपणी ते सुलेखन शिकले, म्हणजे कुंचला आणि शाईने चिनी अक्षरं काढणं. हा नाद त्यांनी आयुष्यभर सोडला नाही. चिनी अक्षर काढताना नुसता आकार जमून चालत नाही. कुठली रेघ आधी, कुठली नंतर, कुठून कुठे, हे ठरलेलं असतं. क्रम चुकला तर अक्षर दिसायला ठीक, पण चुकलेलंच. आता तुल जमिनीवर ज्या रेघांवरून चालतो त्याचा नकाशा बघा. थ्वे-ग्ये आणि युल-गोक या दोन तुलांचा नकाशा म्हणजे ‘विद्वान’ या अर्थाचं अक्षर: एक उभी रेघ, तिला छेदणारी एक लांब आडवी आणि तळाशी एक आखूड आडवी. से-जोंग या तुलाचा नकाशा म्हणजे ‘राजा’: तीन आडव्या, एक उभी. शिकणारा पांढऱ्या कपड्यात, अनवाणी, जमिनीवर पावलांनी अक्षर लिहीत असतो. कागद तोच, लेखणीही तोच, आणि लिहून झाल्यावर खाली काही उरत नाही.

नावंही उगाच ठेवलेली नाहीत. थ्वे-ग्ये आणि युल-गोक हे सोळाव्या शतकातले कोरियाचे दोन थोर तत्त्वचिंतक, म्हणून त्यांच्या पायाखाली ‘विद्वान’. दक्षिण कोरियाच्या १००० वोनच्या नोटेवर थ्वे-ग्ये आहेत, ५००० च्या नोटेवर युल-गोक, १०,००० च्या नोटेवर राजा सेजोंग, आणि १०० वोनच्या नाण्यावर आरमारप्रमुख यी सुन-शिन, ज्यांच्या नावाने चुंग-मू हा तुल आहे. कोरियन माणूस ज्यांना खिशात घेऊन फिरतो त्यांनाच तायक्वांदोवाला अंगात घेऊन फिरतो.

मला थक्क केलं ते आकड्यांनी. थ्वे-ग्येमध्ये हालचाली ३७, कारण त्यांचं जन्मगाव ३७व्या अक्षवृत्तावर धरलं आहे. युल-गोकमध्ये ३८, त्याच कारणाने. ३८ म्हटल्यावर कोरियन माणसाला जन्मगावापेक्षा आणखी एक रेघ आठवल्यावाचून राहत नसेल. १९४५ मध्ये देश तोडला गेला तो याच अक्षवृत्तावर. सम-इलमध्ये ३३ हालचाली. १ मार्च १९१९ रोजी जपानी राजवटीविरुद्ध जो स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला त्यावर ३३ जणांच्या सह्या होत्या. क्वांग-गेमध्ये ३९, कारण त्या नावाचा राजा इसवी सन ३९१ मध्ये गादीवर आला. से-जोंगमध्ये २४, कारण त्या राजाने दिलेल्या लिपीत आज २४ मुळाक्षरं वापरली जातात.

आणि जुंग-गुनमध्ये ३२. आन जुंग-गुन यांनी २६ ऑक्टोबर १९०९ रोजी हार्बिनच्या रेल्वे स्टेशनात इतो हिरोबुमी यांना गोळ्या घातल्या. जपानचे चार वेळा पंतप्रधान राहिलेले हे गृहस्थ कोरियावरचे पहिले जपानी रेसिडेंट जनरलही होते. २६ मार्च १९१० रोजी लुशुनच्या तुरुंगात आन यांना फाशी दिली. ३२ हे त्यांचं मृत्यूच्या वेळचं वय. आपण हिशेब केला तर तो जुळत नाही. जन्म सप्टेंबर १८७९ चा, म्हणजे तीस वर्षं पुरी आणि वर काही महिने. पण जुन्या कोरियन पद्धतीत मूल जन्मतःच एक वर्षाचं असतं आणि दर नव्या वर्षाला त्याचं वय एकाने वाढतं. तसं मोजलं की बरोबर ३२ येतात. मी पहिल्यांदा हे वहीवर मांडून पाहिलं तेव्हा क्षणभर पेन थांबलं. हा आकडा फक्त माणसाचं वय सांगत नाही, वय मोजायची त्या माणसांची रीतही त्यात जपली गेली आहे. जगात कुठलीही बारा वर्षांची मुलगी जुंग-गुन करते तेव्हा ती एका माणसाचं आयुष्य वर्षाला एक हालचाल या दराने मोजून संपवते, मग तिला ते माहीत असो वा नसो.

हात कुठला, यालाही अर्थ आहे. चुंग-मू डाव्या हाताच्या प्रहारावर संपतो. यी सुन-शिन यांनी जपानी आरमाराला पुन्हा पुन्हा हरवलं, तरी राजाच्या मर्जीतून उतरून ते तुरुंगात गेले, पद गेलं, परत बोलावले गेले आणि १५९८ मध्ये नोर्यांगच्या लढाईत गोळी लागून गेले. आपलं पूर्ण सामर्थ्य दाखवायची संधी त्यांना मिळाली नाही, ही हळहळ त्या डाव्या हातात ठेवली आहे. यू-सिनच्या सुरुवातीच्या पवित्र्यात तलवार डावीकडून नाही, उजवीकडून उपसल्यासारखे हात असतात. सेनापती किम यू-सिन यांनी राजाच्या आज्ञेने परकीय सैन्याच्या साथीने आपल्याच लोकांशी युद्ध केलं. ते चुकीचं होतं, असं ती चुकीच्या बाजूची तलवार म्हणते. गौरवासाठी बांधलेल्या तुलात टीकाही बांधून ठेवायची, हे धाडस मला फार मोठं वाटतं. आणि पो-उन, ज्या निष्ठावंत विद्वानाने दुसऱ्या धन्याची चाकरी पत्करली नाही, त्याच्या तुलाचा नकाशा काय? एकच सरळ रेघ. ३६ हालचाली, आणि रेघ सोडून कुठेही जायचं नाही.

असं सगळं नावानिशी, आकड्यानिशी अंगात गोंदवून ठेवायची गरज का पडली असेल? १९१० ते १९४५ कोरिया जपानच्या ताब्यात होता. शेवटच्या वर्षांत शाळांतून कोरियन भाषा हद्दपार झाली, आणि १९४० पासून लोकांना जपानी वळणाची आडनावं घ्यायला लावली गेली. चोई तेव्हा २२ वर्षांचे होते. ज्या पिढीला आपल्याच नावाने हाक ऐकणं अवघड झालं होतं त्या पिढीतला माणूस पुढे सेनाधिकारी झाला, आणि १९५५ पासून पुढे त्याने ठोशांना आणि लाथांना नावं दिली ती अशी.

यातली एक गोष्ट झाकून ठेवायचं कारण नाही. चोई जपानमध्ये शिकायला गेले होते आणि तिथे कराटे शिकले होते. १९४४-४५ च्या सुमारास कोरियात निघालेल्या पहिल्या आखाड्यांपैकी बऱ्याच ठिकाणी शिकवले जाणारे ह्यंग हे जपानी कातांचीच रूपं होती. जपानीत ‘हेइआन’ वाचली जाणारी अक्षरं कोरियनमध्ये ‘प्योंगआन’ वाचली जात, एवढाच फरक. तायक्वांदोचे पॅटर्न हजारो वर्षं जसेच्या तसे चालत आले, असं वर्गातून हौसेने सांगितलं जातं. ते खरं नाही. मला तर खरी हकीकत जास्त भारावून टाकते. उसन्या व्याकरणात एका पिढीने आपली गोष्ट लिहून काढली, आणि ती इतकी घट्ट लिहिली की सत्तर वर्षांत ती निम्म्या जगाच्या पायांना पाठ झाली.

खरोखर जुना दस्तऐवजही आहे, तो ग्रंथालयात होता. १७९० साली राजा जोंगजोच्या आज्ञेवरून ‘मुये दोबो तोंगजी’ हा सचित्र युद्धकलाग्रंथ तयार झाला. यी दोक-मू आणि पार्क जे-गा हे दोन विद्वान आणि बेक दोंग-सू हा योद्धा, असे तिघे त्यावर बसले. भाले, तलवारी, घोड्यावरची शस्त्रं, नुसत्या मुठी, अशा २४ विद्या. नुसत्या मुठींच्या प्रकरणात पवित्र्यांना नावं आहेत: घोडा चाचपणं, सोनेरी कोंबड्याचं एका पायावर उभं राहणं. आधी नावांची क्रमवार यादी, मग सगळा क्रम एका नजरेत दाखवणारं चित्र, ज्यात इवलाली माणसं ओळीने एकेका पवित्र्यात उभी. ‘कोंबडा’ म्हटलं की पाय उचलला जातो. नाव हेच आठवणीचं हँडल. मू दोक क्वान या आखाड्याचे संस्थापक ह्वांग की यांना १९५७ मध्ये सोलच्या राष्ट्रीय ग्रंथालयात हा ग्रंथ सापडला आणि त्यांनी त्यातून नवे ह्यंग बांधायला घेतले. कागदावरच्या चित्रांतून हालचाल परत उभी करायची, दोन चित्रांच्या मधलं जे कोणीच काढलेलं नाही ते अंदाजाने भरायचं. गुरू नसताना नुसत्या पोथीवरून चाल बसवण्यासारखं ते काम आहे.

कुक्किवॉनची परंपरा मात्र माणसांची नावं घेत नाही, ती निसर्गाकडे वळते. ऑलिंपिकमध्ये दिसतं ते तायक्वांदो याच घराण्यातलं. रंगीत पट्ट्यांच्या मुलांना आठ तेगुक शिकवतात. तीन रेघा, प्रत्येक एक तर अखंड किंवा मध्ये तुटलेली. अशा मांडण्या होतात बरोबर आठ. पहिली, तिन्ही अखंड: आकाश. मग तळं, अग्नी, गडगडाट, वारा, पाणी, पर्वत, आणि आठवी, तिन्ही तुटलेल्या: पृथ्वी. यांतल्या चार दक्षिण कोरियाच्या झेंड्याच्या चार कोपऱ्यांत आहेत. काळ्या पट्ट्यानंतरचे पूमसे पुन्हा अक्षरांवर येतात. कोर्यो पुन्हा ‘विद्वान’ लिहितो. कुमगांग ‘पर्वत’ लिहितो, आणि त्यात एका पायावर उभं राहून, मग दोन्ही हात बाजूंना उंच वाकवून जो बचाव करतात त्यात देहाचाही पर्वत होतो, मधलं शिखर डोकं. सिपजिनचा नकाशा म्हणजे ‘दहा’, आपलं अधिकचं चिन्ह. हान्सू ‘पाणी’.

नववा आणि शेवटचा इल्यो. देह आणि मन एक झाल्याची अवस्था, असं त्याच्या नावाचं स्पष्टीकरण देतात, आणि त्याचा जमिनीवरचा नकाशा आहे स्वस्तिक. बौद्ध धर्माबरोबर इथून चीनमार्गे कोरियात पोचलेलं, तिथल्या विहारांवर आजही दिसणारं स्वस्तिक. ते चित्र पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला आमच्या उंबऱ्यावरची हळदकुंकवाची बोटं आठवली. इल्योत तेच चिन्ह अनवाणी पावलांनी काढतात.

स्मरणाच्या अशा घरात राजकारण शिरणारच. चोई यांनी प्योंगयांगचे गांधीवादी म्हणून ओळखले गेलेले नेते चो मान-सिक यांच्या टोपणनावाने को-दांग हा तुल बांधला होता. स्वतः चोई दक्षिणेच्या सरकारशी बिनसून १९७२ मध्ये कॅनडात गेले, पुढे उत्तर कोरियाशी त्यांचं सूत जुळलं, आणि १९८० च्या दशकात को-दांग काढून त्या जागी जुचे आला. जुचे म्हणजे उत्तरेच्या राजवटीचं तत्त्वज्ञान. काही गट अजून को-दांगच करतात. तुल बदलणं म्हणजे हजारो लोकांच्या पायांतून एक नाव काढून घेणं, आणि पाय ते सहजासहजी देत नाहीत. २००२ साली चोई प्योंगयांगमध्ये वारले.

फेब्रुवारी २०१८ मध्ये प्योंगचांगच्या हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनाला दोन्ही घराण्यांचे संघ एका मैदानात उतरले. तेच पांढरे कपडे, तेच आकडे: हाना, दुल, सेत. पण दोघांनी पाठ केलेलं वेगळं. उत्तरेच्या मुलांना तेगुक शिकवलेले नाहीत, आणि दक्षिणेत कुक्किवॉनच्या परीक्षेला तुल नाहीत.

२४ तुलांतला शेवटचा आहे तोंग-इल. त्या शब्दाचा अर्थ एकीकरण. हालचाली ५६. जमिनीवरचा नकाशा एकच सरळ रेघ, आणि करणाऱ्याने रेघेवरून पुढे जायचं, मागे यायचं, शेवटी पावलं निघाल्या जागेवरच टेकली पाहिजेत.